त्याच पत्र्याची पट्टी

अण्णांच्या प्रिया स्कूटरचा सायलेन्सर खोलून परातीत ठेवला आणि तो माझ्या अंगठ्याखाली दबला. जोर लावला नव्हता, नुसता उलटा करायला धरला होता. पत्रा कुरकुरत आत गेला आणि भोकातून काळी, तेलकट काजळी परातीत सांडली. अण्णा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "संपला तो. आता हात लावू नकोस, सगळाच येईल हातात."

गंज बाहेरून लागतो असं आपण धरून चालतो. सायलेन्सर बहुतेक वेळा आतून मरतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबचा पल्ला असला की सायलेन्सर चांगला तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पण आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जायचं, भाजी घ्यायची आणि परत यायचं, एवढ्या फेरीत तो पुरता तापतच नाही. वाफेचं आतच पाणी होतं, धुरातली आम्लं त्यात उतरतात आणि रात्रभर तळाशी बसून पत्रा खातात. अण्णांची स्कूटर गेली काही वर्षं बहुतेक एवढीच फिरत होती.

ही स्कूटर साताऱ्याचीच. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली निघाली, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची मिळून, आणि कारखाना उभा राहिला तो साताऱ्यात. तिथून प्रिया बाहेर पडायची. अण्णांनी तिथे असेंब्लीवर बावीस वर्षं काढली. आमच्या गल्लीत तेव्हा तीन घरं 'स्कूटर्स'मधली होती. सकाळच्या पाळीला निघताना तिघांच्या डब्यांच्या पिशव्या एकसारख्या दिसायच्या, आणि आम्हा मुलांना वाटायचं की सगळ्या देशातल्या स्कूटरी आमच्याच गल्लीतली माणसं करतात. त्यामुळे ही गाडी भंगारात द्यायची, हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

बाजारातून नवा सायलेन्सर आणून पाहिला होता. त्याच्या बोल्टचं भोक अर्धा इंच बाजूला, आणि पत्रा एवढा पातळ की ओढूनताणून बसवल्यावर फटफटीसारखा वाजायला लागला. अण्णा त्या आवाजाने दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हा ठरवलं, सायलेन्सर घरी करायचा. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, ड्रिल आणि ग्राइंडर घरात होतेच, आणि उन्हाळ्याची सुट्टी समोर होती.

जुना सायलेन्सर कापून आतले कप्पे बघितले, मापं घेतली, पुठ्ठ्याचे साचे केले. हे काम वेळखाऊ असलं तरी अवघड नव्हतं. प्रियासारख्या टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच एक अवयव असतो. धुराचा धक्का डब्यात शिरतो, फिरतो, त्यातला काही परत सिलिंडरच्या तोंडाशी येतो. डबा लहान-मोठा केला की गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून आतली जागा जुन्याइतकीच ठेवली. पत्रा आणला अठरा गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा पत्रा. दुकानदार जस्ती पत्रा घ्या म्हणत होता, गंजणार नाही म्हणून. जस्ती पत्रा वेल्डिंगला घेऊ नये. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात. म्हणजे लोखंडाला ऊब लागायच्या आत जस्ताचा पांढरा धूर तुमच्या छातीत गेलेला असतो, आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शिवाय सांध्यात बुडबुडे राहतात ते वेगळेच.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग प्रश्न आला की हे जोडायचं कशाने.

ज्याला विचारावं तो आपल्याकडे जे मशीन आहे त्याचं नाव सांगे. ज्याच्याकडे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आडोशाने तार वितळवणारं मशीन, तो म्हणे सीओटू, विजेच्या ठिणगीने रॉड वितळवणारा आर्कवाला म्हणे "आर्कनं होतंय की, त्यात काय". एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या सुपरवायझरनं सांगितलं की आर्गॉनशिवाय बोलूच नका. सगळे अनुभवी होते, आणि आपापल्या कामापुरते सगळे बरोबर होते. दरवाजा, जिना, टाकी, ट्रॉली यांचं ते रोज करतात. सायलेन्सर त्यातला नाही. तो चांगलाच तापतो, पुन्हा गार होतो, आणि सतत थरथरत असतो. प्रियामध्ये तर तो वरच्या बाजूला सिलिंडरच्या तोंडाला क्लॅम्पने आणि मागे एका बोल्टने थेट इंजिनालाच लटकतो, आणि इंजिन चाकासोबत खालीवर होतं. म्हणजे रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला चाकाइतकाच बसतो.

सुरुवात मी सगळ्यात स्वस्त वाटेने केली. घरच्या लाइटवर चालणारं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं आणि कापलेल्या तुकड्यांवर आर्कचा हात बसवायला लागले. अडीच मिलिमीटरचा रॉड अठरा गेजला जड होतो. रॉड टेकवला की पत्रा गायब. करंट कमी केला तर रॉड चिकटून बसे आणि ओढून काढताना तुकडाच हातात येई. मग दोन मिलिमीटरचे बारीक रॉड आणले, चाळीस-पन्नास अँपिअरवर, मागे तांब्याची जाड पट्टी धरून उष्णता तिच्यात जिरवली. तेव्हा कुठे एक ओळ जमली. खपली ठोकून काढल्यावर खाली ती ओळ दिसली तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण प्रकाशासमोर धरल्यावर त्यात सुईच्या टोकाएवढे चार तारे चमकले. पाण्याच्या टाकीला असे तारे चालत नाहीत, सायलेन्सरला त्याहून नाहीत, कारण धूर तिथूनच फुंकर मारत राहतो आणि भोक मोठं करतो. आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात रॉड सादळतात हे वेगळंच. सादळलेला रॉड तडतडतो, टाका, म्हणजे जोडाची ओळ, जाळीदार होतो. एका दुपारी काच खाली घेण्याआधीच ठिणगी पडली आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन मी जागीच होते.

आर्क वाईट नाही. तीन मिलिमीटरच्या पुढे माझा पहिला भरवसा आर्कवरच आहे. पातळ पत्र्याला मात्र त्याचा स्वभाव सोसत नाही. त्या ठिणगीचं तापमान पाच-सहा हजार अंशांचं, आणि ते सगळं एका टिंबावर. पत्र्याला सावरायला वेळच मिळत नाही.

सीओटूचा अनुभव घरात आधीच होता. अण्णांनी दोन वर्षांपूर्वी जुन्या सायलेन्सरला एका दुकानात ठिगळ मारून घेतलं होतं. पाच मिनिटांत काम झालं, टाका दिसायलाही भरदार होता. महिनाभराने आम्ही यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो, आणि उतरताना दुसऱ्या वळणावर आवाज बदलला. घरी येऊन पाहिलं तर टाका जसाच्या तसा होता. चीर गेली होती टाक्याच्या कडेने, त्याला अगदी लागून, जशी जाड शिवणीच्या शेजारी विरलेली साडी फाटते.

त्या चिरेने मला पुष्कळ शिकवलं. तोपर्यंत माझ्या मनात एकच हिशेब होता, की टाका जेवढा मजबूत तेवढं काम चांगलं. सीओटूच्या तारेत मँगेनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं. नेहमीच्या तारेच्या नावात ७० हा आकडा येतो, तो ७०,००० पौंड प्रति चौरस इंच या ताकदीचा. सीआर पत्रा त्याच्या निम्म्या-पाऊण ताकदीचा, मऊ, वाकवायला बनवलेला. आता मऊ पत्र्यावर कडक, उंच उठलेली वरवंट्यासारखी ओळ बसवली की थरथर तिथे येऊन अडते. पत्रा वाकतो, ओळ वाकत नाही, आणि जिथे वाकणं एकदम थांबतं तिथे चीर पडते. टाका ग्राइंडरने सपाट करावा तर चाक शेजारचा पत्राही खातं आणि तो आणखी पातळ होतो. सव्वा मिलिमीटरमधला पाव मिलिमीटर गेला तर उरलं काय?

सीओटूवाले यावर उत्तर देतात, आणि ते खरं आहे, की बारीक ०.८ ची तार लावून, थांबून थांबून, ठिपक्याशेजारी ठिपका असं मारलं तर पत्रा वेडावाकडा न होता जोडला जातो. मोटारीच्या बॉडीची कितीतरी दुरुस्ती आज अशीच होते. पण मोटारीचा दरवाजा इंजिनाला लटकलेला नसतो.

आर्गॉनबद्दल मला मनापासून आदर आहे. टंगस्टनची टोकदार सुई, तिच्याभोवती आर्गॉनचं पांघरूण, एका हातात तार आणि पायाखाली करंटचं पेडल. ज्याला ते येतं त्याच्या टाक्याला नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखी लाट असते. मी एमआयडीसीत जाऊन एकाचा हात अर्धा तास बघत उभी राहिले होते. नवा, स्वच्छ पत्रा, कडा एकमेकींना केसाचीही फट न ठेवता भिडलेल्या, आडोसा असलेली जागा, हे सगळं असेल तर आर्गॉन निवडावं, यात मला शंका नाही. स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर करायचा असता तर मी दुसरा विचारच केला नसता. पण कात्रीने कापलेल्या आणि हातोडीने वळवलेल्या माझ्या कडा तशा भिडत नव्हत्या. एके ठिकाणी अर्धा मिलिमीटर फट, एके ठिकाणी चढलेलं. आणि अंगणात काम करायचं तर आमच्याकडे अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा वारा आर्गॉन एका क्षणात पळवतो. शिवाय माझा हात तयार व्हायला वर्ष गेलं असतं, आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर मग घरी करायचं कशाला?

पितळ भरून जोडायची सूचनाही आली होती. ती मी लगेच सोडली. पितळ नऊशेच्या आसपास वितळतं, सिलिंडरच्या तोंडाशी धूर फार गरम असतो, आणि एकदा लोखंडात पितळ शिरलं की पुढे तिथे दुसरं कुठलंच वेल्डिंग नीट धरत नाही. जुन्या सायलेन्सरवर अशी दोन पितळी ठिगळं होती. त्यांच्याभोवतीच पत्रा जास्त खाल्लेला होता.

राहिला गॅस, म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत. तो मी सगळ्यात शेवटी विचारात घेतला, कारण तो कुणी सुचवलाच नव्हता. एके काळी प्रत्येक गॅरेजात असलेलं हे काम आता साताऱ्यात शोधावं लागतं. ऑक्सिजनची नळी दिसते, पण तिच्या जोडीला बहुतेक ठिकाणी एलपीजी असतो, कापायला. एलपीजीने लोखंड कापता येतं, तापवता येतं, पण जोडता येत नाही, कारण त्याच्या ज्योतीच्या आतल्या सुळक्यात तेवढी धग नसते आणि ती वाढवायला जास्त ऑक्सिजन सोडला की लोखंडच जळायला लागतं. जोडायला ॲसिटिलीनच लागतं.

अण्णांनाच आठवलं. "जुन्या पेठेत एक चाचा होता. मडगार्डं करायचा. असेल का अजून?"

होते. पंच्याहत्तरीच्या पुढचे, दुकान आठवड्यातून तीन दिवस उघडं. मी वेल्डिंगच्या पद्धतींवर बोलायला सुरुवात केली तर त्यांनी हात पुढे केला. पत्र्याचा तुकडा घेतला, कोपरा अंगठ्याने वाकवून बघितला, नखाने टिचकी मारली.

"अठरा हाय?"

"हो."

"मग गॅस. तार आणू नका. ह्याच पत्र्याची पट्टी काढा, काडीएवढी बारीक. कात्रीनं."

मी विचारलं, बाजारात गॅस वेल्डिंगची तांब्याचा मुलामा दिलेली तार मिळते, ती का नको? ते म्हणाले, "चालंल. पण आपल्यातलाच असला की भांडत नाय."

यवतेश्वरच्या घाटातली ती चीर मला तेव्हा पुन्हा दिसली. सांध्यात भरायचं लोखंड शेजारच्या लोखंडाच्याच जातीचं, मऊ. वाकायचं तर दोघांनी मिळून वाकायचं. गॅसचा टाका सावकाश तापतो आणि सावकाश गार होतो, म्हणून तो कडक होत नाही. गार झाल्यावर खाली ऐरण धरून हातोडीने ठोकला तर पत्र्यासारखाच सपाट होतो, चिरत नाही. ग्राइंडर लागतच नाही.

लहानपणी अशा दुकानांतून एक वास यायचा, लसणासारखा. कोपऱ्यात लोखंडी टाकी असे, तिच्यात कार्बाइडचे राखाडी खडे टाकायचे, वर पाणी, आणि खदखदून गॅस निघायचा. वास कार्बाइडमधल्या भेसळीचा असतो हे पुढे कळलं. आंबे पिकवायच्या चोरट्या धंद्यात वापरतात तेच हे कार्बाइड. चाचांकडे आता डीए सिलिंडर आहे, तपकिरी-लाल, ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरशेजारी साखळीने बांधलेला. डीए म्हणजे विरघळवलेलं ॲसिटिलीन. हा वायू नुसता दाबून भरला तर आपोआप स्फोट होऊ शकतो, म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भुसभुशीत द्रव्य भरतात, त्यात ॲसिटोन मुरवतात आणि ॲसिटिलीन त्यात विरघळवतात. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी यावर मोठं काम केलं. १९१२ साली ॲसिटिलीनचाच एक प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली, आणि त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी हे दरवर्षी नववीच्या वर्गात सांगते. चाचांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग उठून त्यांनी नळ्यांचे सांधे साबणाच्या पाण्याने पुन्हा एकदा तपासले. सिलिंडर उभाच ठेवायचा, दाब एका बारच्या वर न्यायचा नाही, ऑक्सिजनच्या आट्यांना तेलाचं बोट लावायचं नाही, तांब्याची नळी कधीच जोडायची नाही. हे त्यांचे नियम आहेत आणि ते आता माझेही आहेत.

आधी ॲसिटिलीन सोडायचं, पेटवायचं. धुरकट, पिवळी, काजळी उधळणारी ज्योत. मग ऑक्सिजन हळूहळू. पिवळं आत आत ओढलं जातं, मध्ये पांढरा सुळका उमटतो आणि त्याच्याभोवती पिसासारखा एक फिकट पदर राहतो. ऑक्सिजन आणखी किंचित वाढवला की तो पदर सुळक्यात मिसळून नाहीसा होतो. तिथे थांबायचं. त्या सुळक्याच्या टोकाशी ३,१०० अंशांच्या वर तापमान असतं. विज्ञान शिकवणारीला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की सुळक्यात ॲसिटिलीन अर्धवटच जळतं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतात, आणि ते दोघे भोवतालच्या हवेतला ऑक्सिजन घेऊन जळतात. म्हणजे ज्योतीचा बाहेरचा निळा पदर हवेला वितळलेल्या लोखंडापर्यंत पोचूच देत नाही. आर्गॉनला जे पांघरूण बाटलीतून आणावं लागतं ते इथे ज्योत स्वतःच अंगावर घेते.

पहिले तीन दिवस चाचांनी मला पट्टी हातात घेऊ दिली नाही. नुसता पत्रा तापवायचा, पाणी होऊ द्यायचं आणि ते पाणी पुढे न्यायचं. वितळलेल्या लोखंडाला ते पाणीच म्हणतात. हिरव्या काचेतून बघताना आधी पत्रा लाल, मग नारिंगी, मग एकदम एक ठिपका ओला होतो. चिंचेच्या पाण्यात तेलाचा थेंब पडावा तसा तो गोल आणि चकचकीत दिसतो. सुळक्याचं टोक त्याच्यापासून भाताच्या शिताएवढं लांब. हात बारीक गोल फिरवत पुढे. थेंब मागे येतो. थांबलात की खाली ओघळतो आणि भोक. घाई केलीत की विझतो.

"पत्रा घाबरला बघा," चाचा म्हणायचे. म्हणजे ठिपक्याभोवतीचा भाग फुगायला लागला, आता झोत उचला.

आर्कमध्ये हे कधीच कळलं नव्हतं. तिथे घडून गेल्यावर कळतं. इथे भोक पडायच्या आधी दोन-तीन सेकंद पत्रा सांगतो, आणि हात शिकतो तो त्या दोन-तीन सेकंदांत. मला गॅस निवडावासा वाटला त्याचं खरं कारण हे. ताकद, किंमत, यंत्रं यांचे हिशेब मी मांडले ते मांडले, पण नवख्या माणसाला चूक होताना दिसली पाहिजे.

गॅसचा मोठा दोष म्हणजे उष्णता पसरते आणि पत्रा वेडावाकडा होतो. आमच्या डब्याच्या दोन वाट्या एकमेकींवर बसवल्या तेव्हा सगळीकडे भिडत होत्या. एका टोकापासून जोडत गेले असते तर दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी फट पडली असती. म्हणून आधी इंच-सव्वा इंचावर नुसते ठिपक्यासारखे टाके. पहिला मधोमध, मग एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग मधल्या जागा. प्रत्येक टाक्यानंतर हातोडीची हलकी थाप. मग मधून बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंच जोडायचं, गार होऊ द्यायचं, समोरच्या बाजूला जायचं. घाईचं काम नव्हे. पूर्ण कड जोडायला मला चार सकाळी लागल्या.

नळीचा बाक ही वेगळी मजा होती. कापून फाका जोडायच्या की एकसंध वाकवायची? प्रत्येक फाक म्हणजे आणखी एक सांधा, आणि तोही सिलिंडरच्या तोंडाजवळ. आम्ही वाकवली. संगम माहुलीच्या पात्रातली मूठ-दोन मूठ वाळू अण्णांनी चाळली, मी ती लोखंडी तव्यावर खरपूस भाजली. वाळूत ओल राहिली तर नळी तापल्यावर वाफ कोंडून बूच गोळीसारखं उडतं, म्हणून तव्यावर धरलेल्या काचेवर दव येईनासं होईपर्यंत भाजायची. नळीत ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली, बाकाची बाजू लाल केली आणि चिमट्यात धरून अण्णांनी ओढली. त्यांचे हात थरथरतात आता. ओढताना थरथरले नाहीत. बाहेरच्या अंगाला पत्रा थोडा ताणला, आतल्या अंगाला एक बारीक सुरकुती आली, ती हातोडीने बसवली.

चाचांनी एक गोष्ट ठामपणे नाकारली, आणि ती इथे लिहिलीच पाहिजे. जुन्या सायलेन्सरचा बोल्ट अडकवायचा कान चांगला होता, तो तसाच झोताने कापून घ्यावा असं मी म्हटलं. ते म्हणाले, आधी जाळून आणा. आतल्या कप्प्यांत तेल आणि पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, बाहेरून आग लावली की डबा फुटतो. मला लहानपणीच्या दिवाळीच्या सुट्ट्या आठवल्या. अण्णा दरवर्षी परसात दोन्ही तोंडं मोकळी ठेवून सायलेन्सर लाकडांवर जाळायचे, आतली काजळी लाल होऊन सुटायची, मग ठणठण आपटून ती पाडायची. आम्ही लांब उभं राहायचं, तुळशीच्या पलीकडे. तसाच शेवटचा एकदा जाळला, आणि मग कान कापला.

तो कान बसवताना माझ्या हातून चूक झाली. शनिवारची संध्याकाळ होती, ऑक्सिजन संपत आला, काट्याने तळ गाठला. कान तीन मिलिमीटरचा, खाली पत्र्याचं ठिगळ घालून तिन्ही बाजू जोडून झाल्या होत्या. चौथी बाजू, दोनच इंच राहिली होती. चाचा म्हणाले, राहू द्या, मंगळवारी बघू. पण सोमवारी शाळा उघडणार होती आणि मला रविवारी गाडी सुरू झालेली बघायची होती. मी ते घरी आणलं आणि इन्व्हर्टरने, बारीक रॉडने, ते दोन इंच मारून टाकले. दिसायला चांगले आले होते.

रविवारी गाडी सुरू झाली. अण्णांनी सवयीने ती एका अंगावर कलती केली, किक मारली, तिसऱ्या किकला धरली. धूर आधी पांढरा, मग निळसर. अण्णा बाजूला वाकून, कान खाली करून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हां. असाच असतो." आम्ही बोगद्यापर्यंत जाऊन आलो.

त्यानंतर पावसाळा गेला. मी दर महिन्याला सायलेन्सर खाली काढते, तोंडं बंद करून आत थोडं रॉकेल ओतते आणि बाहेरून सांध्यांवर शाळेतला खडू घासते. चीर असेल तर रॉकेल तिच्यातून झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. वाट्यांची कड कोरडी, बाकाचा सांधा कोरडा. परवा कानाच्या चौथ्या बाजूला केसाएवढी रेघ उठली. टाक्याला लागून, टाक्याच्या कडेने, पाऊण इंच.

अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, नखाने चाचपली आणि विचारलं, "ही बाजू तू घरी केलेलीस ना?" मी हो म्हटलं. आता तो टाका ग्राइंडरने पूर्ण काढून, कड उघडी करून पुन्हा भरायचा आहे. कापलेल्या पत्र्याच्या चार पट्ट्या चाचांच्या खिडकीत सुतळीने बांधून ठेवलेल्या आहेत, त्यातली एक पुरेल. गुरुवारी त्यांच्याकडे ऑक्सिजन येतोय.